कंपॅरेटरच्या आऊटपुटचा खुलासा

कागदावर चार-पाच रेषांत मावणारे श्मिट ट्रिगरचे मंडल जेव्हा संगणकावर उभारून त्याची लहर बारकाईने पाहावी, तेव्हाच ध्यानात येते की कंपॅरेटरचे आऊटपुट ही एकट्या कंपॅरेटरची करणी नसून, भोवतीच्या प्रत्येक रोधाचा तीत काही ना काही वाटा असतो. ऑटो श्मिट या अमेरिकन शास्त्रज्ञाने विद्यार्थिदशेत, १९३४ साली, माकूळ या समुद्री प्राण्याच्या मज्जातंतूंतील संदेशवहनाचा अभ्यास करताना हे मंडल योजले. एकदा घेतलेला निर्णय इनपुटच्या क्षुल्लक चळवळीने फिरू नये, ही त्यामागची दृष्टी आजही तितकीच मोलाची आहे.

मुंबईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्पाने सिद्ध केलेल्या ईसिम या मोफत सॉफ्टवेअरवर, ज्याच्या पोटात एनजीस्पाइस हा सिम्युलेटर चालतो, मी हे मंडल एलएम३९३ हा कंपॅरेटर घेऊन मांडले. पुरवठा ५ व्होल्टचा. ऋण इनपुटला संथ त्रिकोणी लहर. धन इनपुटला १० किलोओहमच्या दोन रोधांनी मिळणारे अडीच व्होल्ट. आणि आऊटपुटपासून त्याच धन इनपुटकडे परतणारा १०० किलोओहमचा रोध. आऊटपुट व पुरवठा यांना जोडणारा पुल-अप रोध मात्र आरंभी मुद्दाम वगळला.

लहर उमटली ती शून्यापासून जेमतेम अडीच व्होल्टपर्यंतच. कारण एलएम३९३ च्या आऊटपुटशी असलेला ट्रान्झिस्टर तार जमिनीकडे ओढू शकतो, वर उचलू शकत नाही. तो बंद होताच आऊटपुटला १०० किलोओहमच्या वाटेने येणाऱ्या धन इनपुटच्या दाबावरच समाधान मानावे लागते.

पुढे ४.७ किलोओहमचा पुल-अप बसवताच आऊटपुट ४.८९ व्होल्टपर्यंत चढले, पुरते ५ पर्यंत नव्हे. परतीच्या रोधाकडे जाणारा सुमारे ०.०२३ मिलिअँपिअर प्रवाह पुल-अपमध्ये ०.११ व्होल्ट खर्ची टाकतो. इनपुट चढत असता पालट २.६१ व्होल्टला, उतरत असता २.३८ व्होल्टला, या दोन उंबरठ्यांमधील ०.२३ व्होल्टचे अंतर हेच गोंगाटापासूनचे संरक्षण. पुल-अप ४७ किलोओहमचा केला, तर उंच आऊटपुट ४.२३ वर घसरते आणि वरचा उंबरठाही २.५८ वर येतो. खालचा जवळजवळ ढळत नाही, कारण तेथे ट्रान्झिस्टरचाच अंमल असतो. आऊटपुटवर १०० पिकोफॅरडचा संधारित्र जोडून कडा मोठ्या करून पाहिल्या, तर उतरती कडा तीव्र दिसते, चढती मात्र वाकून वर जाते; पुल-अपला तो संधारित्र भरण्यास लागणारा अवधीच तेथे चित्रित झालेला असतो.

येथेच सावधगिरी हवी. कंपॅरेटरच्या जागी आऊटपुट दोन्ही दिशांना रेटणारे आदर्श प्रारूप घेतले, तर पुल-अपवाचूनही लहर निर्दोष उमटते, आणि प्रत्यक्ष पाटीवर तेच मंडल निकामी ठरते. संगणक उत्तर देतो ते आपण दिलेल्या प्रारूपाचे. म्हणून अभ्यासकांना आग्रहाची विनंती अशी की, लहरीवर निकाल देण्यापूर्वी त्या भागाच्या माहितीपत्रकातील आऊटपुटची अंतर्गत आकृती पाहावी, दोन्ही उंबरठे हाताने मांडावेत आणि मगच सिम्युलेशनचा दाखला ग्राह्य धरावा.