आजोबांचे जोक आता कोण मारणार?

जोगेश्वरीच्या सरस्वती बागेत राहणाऱ्या एका मुलाने वयाच्या पाचव्या वर्षी पहिलं भाषण ठोकलं. हातवारे करून. ते भाषण लिहून दिलं होतं त्याच्या आजोबांनी.

मुलाचं नाव पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे. आपले पुलं. आणि आजोबा म्हणजे त्यांच्या आईचे वडील, वामन मंगेश दुभाषी. 'ऋग्वेदी' या नावाने ते लिहायचे. 'आर्यांच्या सणांचा प्राचीन व अर्वाचीन इतिहास' हे पुस्तक त्यांचं. रवींद्रनाथांची गीतांजली त्यांनी 'अभंग गीतांजली' म्हणून मराठीत आणली. पुढे नातू पन्नाशीत बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहिला, त्याचं बी बहुतेक घरातच पडलं असावं.

आता खरं सांगा, आपल्यापैकी किती जणांनी ऋग्वेदी हे नाव ऐकलंय? ज्यांनी ऐकलंय त्यांनीही बहुधा एकाच कारणाने. १९६६ साली आलेल्या 'गणगोत' या पुस्तकात नातवाने त्यांच्यावर लेख लिहिला. पुस्तकं लिहून माणूस लेखक म्हणून कपाटात राहतो. आजोबा म्हणून राहायला नातवंडंच लागतात.

हे सगळं डोक्यात यायचं कारण घरचंच आहे. गेल्या पावसाळ्यात माझे आजोबा गेले. मुलुंडमध्ये आमच्या बिल्डिंगीत ते फेमस होते. भाजीवाल्यापासून बँकेतल्या कॅशियरपर्यंत सगळ्यांना त्यांनी एकदा तरी हसवलेलं. ते गेले त्या दिवशी फॅमिली ग्रुपवर धडाधड मेसेज पडले. भावपूर्ण श्रद्धांजली. हात जोडलेले. समईचा फोटो. 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.' मी रात्री सगळे मेसेज वर सरकवत वाचले. एकाही मेसेजमध्ये आजोबा नव्हते.

ते सापडले तेराव्याला. जेवणं झाली आणि आत्याने सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले होते, "आजोबा, मीठ बंद करा." यावर आजोबा आजीकडे बघून म्हणाले, "हिच्या भाजीत पस्तीस वर्षं बंदच आहे." मग काकाने दुसरा सांगितला. तपासताना डॉक्टरांनी विचारलं, "काय त्रास होतोय?" आजोबा म्हणाले, "बाहेर बसलाय, बोलावू का?" बाहेर माझे बाबा बसले होते. हॉल हसत होता आणि भिंतीवर हार घातलेला फोटो होता. एका लांबच्या काकूंना हे आवडलं नाही, ते चेहऱ्यावर दिसलं. मला मात्र वाटलं, दोन आठवड्यांत आज पहिल्यांदा आजोबा घरी आलेत.

पण एक घोळ झाला. बाबांनी आजोबांचा सगळ्यात गाजलेला किस्सा सांगितला आणि तो साफ पडला. आजोबा ऑफिसातून आले की आजी विचारायची, "गाडीत जागा मिळाली का?" एकदा ते म्हणाले, "एक पाय ठेवायला मिळाली. दुसरा घाटकोपरला चढला." बाबांनी शब्द सगळे बरोबर म्हटले. तरी कोणी हसलं नाही. आत्या म्हणाली, "असं नाही रे. अण्णा आधी चप्पल काढायचे, पंख्याखाली बसायचे, मग म्हणायचे."

म्हणजे जोक त्या चप्पल काढण्यात होता. पुलंच्या बाबतीत आपलं नशीब जोरावर आहे, कारण त्यांचा आवाज राहिलाय. १२ जून २००० ला ते गेले, आपल्यातले बरेच जण तेव्हा जन्मलेही नव्हते. तरी 'नारायण' किंवा 'रावसाहेब' ऐकताना ते कुठे थांबणार हे आपल्याला पाठ असतं. आधी आईबाबांच्या कॅसेट होत्या, आता यूट्यूब आहे. आपल्या आजोबांची कॅसेट कोणी काढली नाही. फोन सगळ्यांच्या खिशात, पण त्यात वाढदिवसाच्या केकचे व्हिडिओ. रोजचं बोलणं कोण रेकॉर्ड करतं?

म्हणून गेले दोन महिने मी रविवारी घरच्यांना रेकॉर्ड करतेय. शिकलेली गोष्ट सांगते. 'आजोबांच्या आठवणी सांगा' असं विचारलं की माणसं शोकसभेत बोलल्यासारखी बोलतात. त्यापेक्षा विचारायचं, 'चहा थंड झाला तर काय म्हणायचे?' आणि दोघांना एकत्र बसवायचं. ते भांडतात, एकमेकांना चुकीचं ठरवतात, आणि त्या भांडणात नेमकं वाक्य निघतं.

भांडणात दुसरंही निघतं. बाबा एकदा म्हणाले, "तुला मजा वाटते. माझा दहावीचा निकाल त्यांनी अख्ख्या चाळीला जोक करून सांगितला होता. मी दोन दिवस खाली उतरलो नाही." मी रेकॉर्डिंग बंद करायला गेले. ते म्हणाले, "राहू दे."

बरं झालं राहिलं. गेलेल्या माणसाचा आपण फार लवकर लाफ्टर शो करून टाकतो. 'रावसाहेब' पुन्हा ऐका. बेळगावच्या त्या शिवराळ, दिलदार माणसावर हसता हसता शेवटी घसा दाटतो, कारण पुलंनी नुसत्या शिव्या नाही, अख्खा माणूस ठेवलाय. आणि खुद्द पुलंबद्दल वाचायचं तर सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी' आहेच. ते १९९० साली आलं, पुलं हयात असताना. महाराष्ट्राला हसवणारा माणूस घरात नवरा म्हणून कसा होता, हे त्यांनी न घाबरता लिहिलं. मला ते वाचून पुलं कमी आवडायला लागले नाहीत.

आजी या रेकॉर्डिंगला कधी बसत नव्हती. "तुमचं चालू द्या" म्हणून आत जायची. मागच्या रविवारी घाटकोपरच्या किश्श्यावर बाबा आणि आत्या पुन्हा जुंपले, चप्पल आधी की पंखा आधी. आजी लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "चप्पल एकच होती."

सगळे गप्प.

"त्या दिवशी घाटकोपरला ढकललं कोणीतरी. पडले. दुसरी चप्पल रुळांवर गेली. मी घाबरेन म्हणून आल्या आल्या तसं बोलले. तुम्ही हसलात, मीही हसले. रात्री पँट धुवायला घेतली तर गुडघ्याला रक्त."

फोन चालूच होता. पुढची चार मिनिटं फक्त लसणाची सालं ऐकू येतात.