पालकाची नोकरी आणि अपत्याचा निर्वाहखर्च : भारतीय कायद्याच्या संदर्भात

प्रस्तावना

पती-पत्नी विभक्त झाल्यानंतर न्यायालय दरमहा जी रक्कम देण्याचा आदेश करते, तिला आपल्याकडे सरसकट ‘पोटगी’ असे म्हटले जाते. पत्नीस मिळणारी आणि अपत्यास मिळणारी अशा दोन्ही रकमा या एकाच शब्दात मिसळून जातात. परिणामी आईस नोकरी लागताच ‘आता पोटगी बंद होणार’ असा समज उभय पक्षांत पसरतो. वडील हप्ता थांबवितात आणि आई नोकरी स्वीकारावी की नाही या विवंचनेत पडते. कायद्याच्या दृष्टीने मात्र हे दोन स्वतंत्र हक्क आहेत. पालकाच्या नोकरीचा परिणामही दोहोंवर सारखा होत नाही. प्रस्तुत लेखात हा फरक स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

कायद्याची चौकट

फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ मधील कलम १२५ अन्वये स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ असलेली पत्नी, अज्ञान अपत्ये आणि आईवडील यांना निर्वाहखर्च मागता येत असे. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १४४ मध्ये आली आहे. मूळ संहितेत असलेली दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा २००१ च्या दुरुस्तीने रद्द झाली. परिस्थितीत बदल झाल्यास रक्कम वाढविण्याची अथवा कमी करण्याची सोय पूर्वी कलम १२७ मध्ये होती, ती आता कलम १४६ मध्ये आहे. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ चे कलम २० याहून एक पाऊल पुढे जाते. अपत्याच्या पालनपोषणाची जबाबदारी ते केवळ पित्यावर न टाकता माता व पिता या दोघांवरही टाकते. आईच्या नोकरीचा प्रश्न उपस्थित होतो तो प्रामुख्याने येथे.

उभयतांचे प्रमाण

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा पद्मजा शर्मा विरुद्ध रतनलाल शर्मा (२०००) हा निकाल मार्गदर्शक ठरतो. या प्रकरणात माता व पिता दोघेही नोकरीत होते आणि पित्याचे वेतन मातेच्या सुमारे दुप्पट होते. न्यायालयाने दोन अपत्यांपैकी प्रत्येकाचा मासिक खर्च ३,००० रुपये ठरविला व तो पिता आणि माता यांनी २:१ या प्रमाणात सोसावा, असे सांगितले. येथे विचाराचा क्रम महत्त्वाचा आहे. न्यायालयाने आधी अपत्याची गरज निश्चित केली आणि त्यानंतर तिची वाटणी केली. आई कमावते म्हणून पित्याची जबाबदारी संपली, असे झाले नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पित्याचे निव्वळ मासिक उत्पन्न ४५,००० रुपये आहे. आई घरी असताना न्यायालयाने अपत्यासाठी १२,००० आणि आईसाठी ८,००० रुपये मंजूर केले. पुढे आईस १५,००० रुपयांची नोकरी मिळाली. उत्पन्नाचे प्रमाण आता ३:१ झाले. अपत्याची गरज तेवढीच राहिली असे मानल्यास पित्याचा वाटा ९,००० व आईचा ३,००० होईल. परंतु गरज तेवढीच राहते काय? आई दिवसभर बाहेर असल्याने मूल पाळणाघरात ठेवावे लागते. त्याचे ४,००० रुपये धरल्यास अपत्याचा खर्च १६,००० होतो आणि त्याच ३:१ प्रमाणात पित्याचा वाटा पुन्हा १२,००० वर येतो. म्हणजे नोकरीमुळे आईच्या स्वतःच्या ८,००० रुपयांत कपात होऊ शकेल, प्रसंगी ती रक्कम बंदही होऊ शकेल. मुलाच्या रकमेस मात्र धक्का लागेलच असे नाही.

पत्नी व अपत्य यांना मिळून एकत्रित रक्कम देणारे आदेश या कारणास्तव अडचणीचे ठरतात. अशा आदेशातून कपात करावयाची झाल्यास ती कोणाच्या हिश्श्यातून झाली हेच कळत नाही. अर्जातच दोन्ही मागण्या वेगळ्या मांडाव्यात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दिलेला रजनेश विरुद्ध नेहा हा निकाल नागपूर येथील कौटुंबिक न्यायालयाच्या आदेशातून उद्भवला होता. त्या मूळ आदेशात पत्नीस १५,००० रुपये आणि मुलास आरंभी ५,००० व १ सप्टेंबर २०१५ पासून १०,००० रुपये अशी स्वतंत्र नोंद होती. अपत्याच्या शिक्षणाचा खर्च सामान्यतः पित्याने करावा, मात्र पत्नी नोकरीत असून पुरेसे कमावीत असल्यास तो प्रमाणशीर वाटून घेता येईल, असे या निकालात म्हटले आहे. यातील ‘पुरेसे’ हा शब्द दुर्लक्षून चालणार नाही.

आपल्याच महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापिकांचे उदाहरण पाहावे. त्यांची नेमणूक शैक्षणिक सत्रापुरती असते, मानधन तासांवर अवलंबून असते आणि ते हाती पडण्यास बराच विलंब लागतो. अशा उत्पन्नाचा एखाद्या महिन्याचा आकडा घेऊन प्रमाण ठरविणे अन्यायाचे होईल. वर्षभराची सरासरी काढणे अधिक योग्य. तसेच कमावण्याची पात्रता असणे आणि प्रत्यक्ष कमावणे या भिन्न बाबी आहेत, हे शैलजा विरुद्ध खोब्बन्ना या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे.

बेरोजगार पित्यास नोकरी मिळाल्यास हेच तत्त्व उलट दिशेने लागू होते व अपत्याच्या वतीने वाढीव रकमेचा अर्ज करता येतो. शरीराने सक्षम असलेल्या पतीस बेकारीची सबब सांगून मोकळे होता येत नाही, हे अंजू गर्ग विरुद्ध दीपककुमार गर्ग (२०२२) या निकालावरून दिसते.

कार्यपद्धती

ब्रिटनमध्ये अपत्याच्या निर्वाहखर्चाचे ठरावीक सूत्र असून उत्पन्नात किमान २५ टक्के फरक पडल्यास सामान्यतः फेरआकारणी होते. आपल्याकडे असे सूत्र नाही. कुलभूषण कुमार विरुद्ध राजकुमारी (१९७०) या निकालातील निव्वळ वेतनाच्या २५ टक्क्यांचा जो दाखला वारंवार दिला जातो, तो पत्नीच्या रकमेविषयी आहे. त्यामुळे प्रत्येक प्रकरणी पुरावा द्यावा लागतो. रजनेश निकालानुसार उभय पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता व दायित्वे यांचे शपथपत्र दाखल करणे आवश्यक असून आर्थिक स्थिती बदलल्यास सुधारित शपथपत्र द्यावे लागते. नियुक्तिपत्र, वेतनचिठ्ठी, बँकेचे खातेउतारे, पाळणाघराच्या व शाळेच्या पावत्या ही कागदपत्रे येथे उपयोगी पडतात. नोकरी लपविणे महागात पडू शकते, कारण खोट्या शपथपत्राबद्दल स्वतंत्र कारवाई होऊ शकते.

नोकरी लागली म्हणून आदेश आपोआप बदलत नाही. न्यायालय नवा आदेश देईपर्यंत जुनी रक्कम देय राहते आणि पित्याने परस्पर कमी केलेली रक्कम थकबाकी ठरते. कलम १४४ खाली तिच्या वसुलीसाठी वॉरंट निघू शकते व त्यानंतरही रक्कम न दिल्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीपोटी एक महिन्यापर्यंत कारावास होऊ शकतो. मात्र वसुलीचा हा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. नव्या नोकरीच्या धावपळीत ही मुदत निघून जाणार नाही, याची दक्षता आईनेच घ्यावयाची असते.