ओव्याची पुरचुंडी आणि सेजचे तेल

निलंग्याकडच्या घरांत लेकराला सर्दी झाली की तव्यावर ओवा भाजून त्याची पुरचुंडी करतात आणि छाती शेकतात. बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यांवर ओवा-वावडिंग टाकून धुरी देतात. भूमध्य समुद्राकाठी घसा धरला की सेज नावाच्या झुडपाची पाने उकळून गुळण्या करण्याची रीत आहे. दोन्हीकडे कामाला येते ते वनस्पतीतले उडून जाणारे तेल. सेजचे तेल आता बाटलीत विकत मिळते, पण ते कसे वागते हे समजायला घरातला ओवा पुरेसा आहे.

ओव्याच्या दाण्यावर उभ्या शिरा असतात. त्यांच्या मधल्या सालीत तेलाच्या बारीक नळ्या असतात. दाणा तळहातावर चोळला की त्या फुटतात, तव्यावर टाकला की आतल्या तेलाची वाफ होऊ लागते. सेज हे तुळस-पुदिन्याच्या कुळातले. त्याचे तेल पानावरच्या लवेतील सूक्ष्म ग्रंथींत साठते, म्हणून पान नुसते चुरडले तरी दरवळते.

तेल वेगळे काढायचे तर भरडलेल्या ओव्यातून पाण्याची वाफ सोडतात. यात एक गंमत आहे. ओव्याच्या तेलातला मुख्य घटक थायमॉल. तो एकटा 232 अंश सेल्सिअसला उकळतो. मग शंभर अंशांच्या वाफेबरोबर तो निघतो कसा? तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे दोघांचा वाफदाब स्वतंत्र राहतो. दोन्ही दाबांची बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळते, आणि ही वेळ शंभर अंशांच्या थोडी आधीच येते. ही वाफ थंड नळीतून नेली की तिचा पुन्हा द्रव होतो. हलके तेल वर तरंगते, खाली उरतो तो ओव्याचा अर्क. शंभर किलो ओव्यातून साधारण 2 ते 4 किलो तेल मिळते.

तेल थंड केले की थायमॉलचे खडे धरतात. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारे ‘ओव्याचे फूल’ ते हेच. पहिल्या महायुद्धापूर्वी थायमॉल काढण्यासाठी भारतातला ओवा जर्मनीला जात असे. पुढे कारखान्यात कृत्रिम थायमॉल तयार होऊ लागले आणि तो व्यापार ओसरला.

ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल आणि भीमसेनी कापूर सारख्या प्रमाणात बाटलीत घालून हलवले, तर पाण्याचा थेंबही न घालता तिन्ही खडे पातळ होतात. ही अमृतधारा. तिन्हींचे रेणू एकमेकांच्या मांडणीत अडथळा आणतात, त्यामुळे कोणालाच घट्ट स्फटिक होऊन राहता येत नाही.

हुंगल्यावर काय होते? नाकाच्या छतापाशी गंध ओळखणाऱ्या पेशी असतात. त्यांचे संदेश मेंदूतल्या भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांपर्यंत फार थोड्या टप्प्यांत पोचतात. पुदिन्याच्या फुलातले मेंथॉल तर थंडीची जाणीव देणाऱ्या नसांना चेतवते. त्यामुळे नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, आतली सूज मात्र तशीच असते. थायमॉलचे जंतुनाशक गुण खरे आहेत, म्हणूनच ते चूळ भरण्याच्या औषधांत घालतात.

आता सेजच्या बाटलीकडे वळू. फ्रेंच रसायनज्ञ रने-मोरिस गात्फोसे यांनी 1937 साली ‘अरोमाथेरपी’ या नावाने पुस्तक लिहिले आणि अशा तेलांच्या वापराला ते नाव रूढ झाले. सेजच्या तेलात थुजोन, सिनिओल आणि कापूर हे प्रमुख घटक असतात. थुजोन आणि कापूर दोन्ही जास्त मात्रेत पोटात गेले तर झटके येऊ शकतात. 10 मिलिलिटर तेलासाठी अर्धा ते एक किलो वाळलेली पाने लागतात. गुळण्यांच्या पाण्यात चार-पाच पानांचा अंश उतरतो, बाटलीत किलोभर पानांचा ऐवज गोळा झालेला असतो. धोका येतो तो या फरकातून.

म्हणून सेजचे तेल कधीही पोटात घेऊ नये. गरोदर स्त्रिया, फिट्सचा त्रास असणारे आणि लहान मुले यांच्यासाठी ते वापरूच नये. इतरांनी मालिशीला वापरायचे तर 10 मिलिलिटर तिळाच्या किंवा खोबरेल तेलात दोन थेंब पुरेत, तेही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावे. ‘क्लॅरी सेज’ हे वेगळे झाड. त्याच्या तेलात थुजोन जवळपास नसते, त्यामुळे घेताना बाटलीवरचे पूर्ण नाव वाचावे.

पुरचुंडीलाही हाच हिशेब लागू आहे. बाळासाठी त्यात फक्त ओवा असावा, कापूर घालू नये. दोन वर्षांखालील मुलाच्या नाकाशी किंवा छातीला कापूर, अमृतधारा लावू नये. शेक देण्याआधी पुरचुंडी आपल्या मनगटावर टेकवून पाहावी आणि बाळाला धाप लागत असेल तर शेकत न बसता दवाखाना गाठावा.