लोह्याचं नाव असलेला राजीनामा
(लेखमाला : सल्लागार आणि सत्ता – लेखांक ७)

नांदेडहून लातूरकडे निघालं की वाटेत लोहा लागतं. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची जत्रा भरते तेव्हा या रस्त्यावर गर्दी होते, एरवी गाड्या थांबतात त्या चहापुरत्या. राजकारणाच्या मोठ्या इतिहासात या गावाचं नाव सहसा येत नाही. पण १९४८ साली हैदराबाद संस्थानाच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडलेल्या एका मंत्र्याच्या राजीनाम्याच्या पत्रात ते आलं आहे. मंत्र्यांचं नाव जे. व्ही. जोशी. परभणी आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत दहशतीचं राज्य चालू आहे, आणि लोह्यात जे पाहिलं त्याने डोळ्यांत पाणी आलं, असं त्यांनी त्यात लिहिलं. मारलेली माणसं, विटंबना झालेल्या बायका, जळालेली घरं यांचा त्यात उल्लेख आहे.

शाळेत आम्ही दर १७ सप्टेंबरला, मुक्तिदिनी, झेंड्याला सलामी दिली, सरदार पटेलांवर भाषणं केली. या पत्राबद्दल आम्हाला कुणी सांगितलं नाही. ते मला फार उशिरा वाचायला मिळालं, आणि वाचल्यापासून एक प्रश्न पिच्छा सोडत नाही. हैदराबादच्या राजवाड्यात एका माणसाचं वजन वाढलं, त्याची किंमत लोह्याने का मोजली?

मागच्या लेखांकात आपण त्रिंबकजी डेंगळे पाहिले. दुसऱ्या बाजीरावाचा हा विश्वासू. १८१५ साली पंढरपुरात गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला, आळ त्रिंबकजींवर आला, आणि पेशव्यांचं गायकवाडांशी आणि इंग्रजांशी असलेलं नातं कायमचं नासलं. निदान त्रिंबकजी पेशव्यांचे नेमलेले कारभारी होते. आजचा माणूस कुणी नेमलाच नव्हता. कासिम रझवी हे लातूरचे वकील. मूळचे उत्तरेकडचे, अलीगढला शिकलेले. वकिली मात्र आपल्या लातूरच्या पेठेत केली. १९४६ च्या अखेरीस ते मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनचे अध्यक्ष झाले आणि रझाकार ही स्वयंसेवकांची फौज त्यांच्या हाताखाली आली. निजामाच्या सरकारात त्यांना पद नव्हतं, पगार नव्हता, कुठल्या कागदावर सही करायचा अधिकार नव्हता. तरीही पुढच्या दीड-दोन वर्षांत निजामाचा एकही दिवाण त्यांच्या मर्जीविरुद्ध टिकला नाही.

सल्लागाराकडून नात्यांना तडा कसा जातो हे समजायचं तर आधी ती नाती कोणती होती ते पाहायला हवं. मीर उस्मान अली खान १९११ पासून गादीवर होते. पहिल्या महायुद्धात इंग्रजांना केलेल्या मदतीबद्दल त्यांना ‘ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त’ असा किताब मिळाला होता. १९४७ मध्ये तो दोस्त निघून चालला होता. उरलेल्या आधारांत पहिला होता दिल्लीशी होणारा करार. दुसरा होता सर वॉल्टर मॉन्क्टन यांचा. हे लंडनचे नामांकित वकील निजामाचे घटनात्मक सल्लागार होते. १९३६ साली आठव्या एडवर्डने राजगादी सोडली तेव्हा त्यालाही सल्ला देणारे हेच. तिसरा आधार म्हणजे कसलेले दिवाण : आधी म्हैसूर आणि जयपूरचा कारभार पाहिलेले सर मिर्झा इस्माईल, मग छत्तारीचे नवाब. आणि चौथा, ज्याचा निजामाने कधी आधार म्हणून विचारच केला नाही, तो म्हणजे प्रजा. तिच्यात हिंदू सुमारे ८५ टक्के. तेलंगी, कानडी आणि आपले औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे.

मिर्झा इस्माईल यांची धारणा तडजोडीची होती. रझवींच्या इत्तेहादने त्यांच्याविरुद्ध रान उठवलं आणि मे १९४७ मध्ये ते पद सोडून गेले. एक आधार गेला. निजामाने त्यांना वाचवण्यासाठी हात पुढे केला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. पुढे जे झालं त्याची मुभा इथेच दिली गेली.

आता ऑक्टोबर १९४७ चा शेवटचा आठवडा. इथे थोडं थांबून पाहू या, कारण सगळी गोष्ट या चार-पाच दिवसांत उभी आहे.

छत्तारीचे नवाब, मॉन्क्टन आणि सर सुलतान अहमद या तिघांनी दिल्लीत माउंटबॅटन यांच्याशी बोलून ‘जैसे थे’ कराराचा मसुदा आणला. विलीनीकरण नाही, वर्षभर पूर्वीचेच व्यवहार चालू ठेवायचे, असं त्याचं स्वरूप. निजामाला त्या वेळी याहून सोयीचं काही मिळणं शक्य नव्हतं. २५ ऑक्टोबरला त्याच्या कार्यकारी मंडळाने सहा विरुद्ध तीन मतांनी मसुदा मान्य केला. निजामानेही होकार दिला. सही मात्र उद्यावर ढकलली. २६ ची रात्र आली, सही पुन्हा सकाळवर गेली. सकाळी शिष्टमंडळ कागद घेऊन विमानाने दिल्लीला जाणार होतं.

२७ ऑक्टोबरला पहाटे तीनच्या सुमाराला छत्तारी, मॉन्क्टन आणि सुलतान अहमद या तिघांच्याही घरांभोवती माणसं जमू लागली. उजाडेपर्यंत जमाव सुमारे पंचवीस हजारांचा झाला. शिष्टमंडळाला दिल्लीला जाऊ द्यायचं नाही, हीच त्यांची मागणी. राजधानीत, राज्याच्या मुख्य मंत्र्याच्या दारात पंचवीस हजार माणसं जमतात आणि पोलीस त्यांना हटवत नाहीत. शेवटी लष्कराने या मंडळींना तिथून बाहेर काढून सुरक्षित जागी नेलं.

दुसऱ्याच दिवशी निजामाने त्या जमावाच्या म्होरक्याला, म्हणजे रझवींना, बोलावून घेतलं, आणि तेही सल्ला विचारायला. रझवींचं म्हणणं असं की हिंदुस्थान काश्मीरमध्ये अडकला आहे, ताठ राहिलो तर याहून चांगला करार पदरात पडेल. हिंदुस्थानचं सैन्य श्रीनगरच्या विमानतळावर उतरलं तो दिवसही २७ ऑक्टोबरच. बातमी खरी होती, तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. निजामाने तो मानला. छत्तारी आणि मॉन्क्टन दोघांनीही राजीनामे दिले. नवं शिष्टमंडळ गेलं, त्याने दिल्लीत महिनाभर घासाघीस केली, आणि २९ नोव्हेंबर १९४७ ला निजामाने सही केली ती जवळजवळ त्याच मसुद्यावर.

म्हणजे रझवींच्या सल्ल्याने मिळालं काय? करार तोच. फक्त तो घडवून आणणारी, दिल्लीत ज्यांच्या शब्दाला वजन होतं अशी माणसं गेली, आणि मुख्य मंत्री म्हणून मीर लायक अली आले, ते इत्तेहादच्या पाठिंब्यावर. करारावर सही करणारं सरकारच आता करार मोडू पाहणाऱ्यांच्या मुठीत होतं. मग पाकिस्तानला वीस कोटींचं कर्ज देणं, हिंदी चलनावर बंदी घालणं हे सगळं ओघाने आलं. १९४८ च्या जानेवारीत हिंदुस्थानचे प्रतिनिधी म्हणून कन्हैयालाल मुन्शी हैदराबादला आले, तोवर विश्वास म्हणावा असं काही शिल्लक नव्हतं.

१९४८ च्या मार्च-एप्रिलमध्ये रझवींची भाषणं गाजली. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकवण्याची भाषा त्यांत होती. दिल्लीने लायक अलींना पुन्हा पुन्हा सांगितलं, या माणसाला आवरा, रझाकार बंद करा. ते झालं नाही. जूनमध्ये शेवटची संधी आली. मॉन्क्टन परत आले होते. माउंटबॅटन यांनी डेहराडूनला आजारी असलेल्या पटेलांकडून, त्यांना पसंत नसतानाही, हैदराबादला झुकतं माप देणाऱ्या मसुद्याला संमती मिळवली. निजामाने तो नाकारला. २१ जूनला माउंटबॅटन हिंदुस्थान सोडून गेले. निजामासाठी दिल्लीत रदबदली करणारा शेवटचा माणूस गेला.

राजधानीत मसुदे फिरत होते तेव्हा आमच्याकडे काय चाललं होतं? स्वातंत्र्यसैनिक गोविंदराव पानसरे अर्जापूरजवळ २९ ऑक्टोबर १९४६ लाच मारले गेले होते. लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी ३० जानेवारी १९४८ ला फोडली, आणि त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. नांदेड जिल्ह्यातली माणसं पैनगंगेपलीकडे उमरखेडला, हिंदुस्थानच्या हद्दीत जात होती. कुणी लढ्याच्या कॅम्पात, कुणी नुसती जीव वाचवायला.

माझी आजी साल सांगायची नाही. ‘रझाकारात तुझी आत्या झाली’, एवढंच. आमच्याकडे अजूनही वयस्कर माणसं काळ असाच मोजतात : रझाकाराच्या आधी, रझाकारानंतर. आजीकडे एक तांब्याचा हंडा होता. त्याच्या पोटावर हिरवे-काळे डाग होते, चिंचेने घासूनही न गेलेले. गोठ्यात गव्हाणीखाली खड्डा करून त्यात चार डाग आणि थोडे चांदीचे रुपये घालून तो पुरला होता, आणि वर गुरं बांधली होती. रात्रीच्या भाकरी उजेडीच थापून ठेवायच्या, कारण अंधार पडल्यावर चुलीचा उजेड दिसायला नको. कडब्याच्या गंजी गावाबाहेर पेटलेल्या दिसल्या की लेकरं घेऊन रानात निघायचं. करार, मसुदा, शिष्टमंडळ यांतलं एक अक्षर तिला माहीत नव्हतं. तिने मसुद्याचा परिणाम तेवढा पाहिला.

जोशींनी तेच पाहिलं. ते लायक अलींच्या मंत्रिमंडळातल्या हिंदू मंत्र्यांपैकी एक. निजामाच्या सरकारात सगळ्यांना स्थान आहे, असं जगाला दाखवता यावं म्हणून अशी माणसं सरकारला हवी होती. त्यांनीच मंत्रिपदावरून उतरताना लोह्याचं नाव घेतलं, तेव्हा सरकारचं उरलंसुरलं तोंडही गेलं. ऑगस्टमध्ये ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा हैदराबादेत खून झाला. विलीनीकरणाच्या बाजूने लिहिणारा हा मुसलमान पत्रकार. रझवींशी न पटणाऱ्या मुसलमानालाही आता जागा नव्हती.

१३ सप्टेंबरला हिंदुस्थानचं सैन्य संस्थानात शिरलं, १७ ला निजामाने शरणागती जाहीर केली. त्यानंतर काही दिवसांनी रेडिओवरून बोलताना त्याने सगळ्याचा दोष रझवींवर ठेवला. या गटाने घरांना वेढे घालून माझे विश्वासू मंत्री घालवले, माझ्यावर हे मंत्रिमंडळ लादलं, हिटलरच्या जर्मनीसारख्या पद्धती वापरल्या, असा त्या भाषणाचा आशय.

हे भाषण मला पटत नाही. रझवींचे गुन्हे खरे आहेत, त्यांना सूट द्यायचं काही कारण नाही. पण छत्तीस वर्षं गादीवर बसलेला, दिवाण आणणारा आणि काढणारा, स्वतःचं लष्कर असलेला राजा एका वकिलापुढे इतका हतबल होता? २७ ऑक्टोबरच्या सकाळी छत्तारींना बाहेर काढणारं लष्कर निजामाचंच होतं. तेच लष्कर जमाव पांगवू शकलं असतं. तसा हुकूम निघाला नाही, उलट रझवींना बोलावणं गेलं. माझं मत असं की निजामाला हा माणूस हवा होता. दिल्लीला सांगायला एक कारण हवं होतं : मी तयार आहे हो, पण माझी माणसं ऐकत नाहीत. रझवींना पद दिलं नाही यामागेही तेच. पद दिलं असतं तर त्यांच्या कृत्यांची जबाबदारी गादीवर आली असती. बिनपदाचा सल्लागार वापरता येतो आणि वेळ आली की नाकारताही येतो. रशियात झारच्या दरबारी रास्पुतिनलाही पद नव्हतं. १९१६ च्या एका सालात तिथे पंतप्रधान बदलत राहिले आणि झारचे आप्तसुद्धा दुरावले.

नाकारणं निजामाला साधलं. तो १९५० पासून १९५६ पर्यंत हैदराबादचा राजप्रमुख होता. रझवींना शिक्षा झाली, १९५७ साली सुटून ते पाकिस्तानात गेले आणि १९७० साली कराचीत वारले. ज्यांना नाकारायला कुणीच नव्हतं त्यांचं काय झालं, तेही इथे लिहिलं पाहिजे. सप्टेंबरमधल्या लष्करी कारवाईनंतर, म्हणजे पोलीस ॲक्शननंतर, उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत मुसलमानांवर सूड उगवला गेला. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानभरात किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला. त्यांतले बहुतेक रझाकार नव्हते. विणकर, तांबोळी, मोलमजूर असे साधे लोक होते. रझवी ज्यांच्या नावाने बोलत होते त्यांनाही किंमत मोजावी लागली, आणि आपल्या १७ सप्टेंबरच्या भाषणांत त्यांचा उल्लेख येत नाही. तो यायला हवा.

लोहा, कंधार, अहमदपूर, मुखेड या पट्ट्यातल्या वाचकांना माझी विनंती आहे. त्या वेळी दहा-बारा वर्षांची असलेली माणसं आज नव्वदीच्या घरात आहेत. घरात असं कुणी असेल तर या आठवड्यातच जवळ बसा आणि विचारा : कुठे लपलात, कुणी लपवलं, कोण परत आलं नाही. मोहल्ल्यातल्या आजीलाही विचारा. ते तिच्याच शब्दांत वहीवर उतरवा, वर तारीख घाला, गावाचं नाव घाला. जोशींच्या पत्रात लोह्याच्या वाट्याला मोजक्याच ओळी आल्या आहेत. बाकीचं या माणसांकडे आहे.

(पुढील लेखांकात : दौलतराव शिंदे आणि त्यांचे सासरे सर्जेराव घाटगे)