विसराळू मुंग्या आणि भाजीचा टेंपो

पहाटे ६ वाजता पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून भाजीचा टेंपो निघाला, असं समजा. माल तीन हॉटेलांत टाकायचा आहे. स्वारगेटचं हॉटेल सर्वांत जवळ, पण ते माल घेतं ७:३० ते ९ या वेळेत. डेक्कनवाल्याला ६:३० ते ७ मध्ये हवा, कोथरूडला ७ ते ८. ‘आधी जवळचं उरकू’ म्हणणारा ड्रायव्हर स्वारगेटला बंद शटरसमोर बसून राहील आणि डेक्कनची वेळ हुकवेल. डेक्कन, कोथरूड आणि परतताना स्वारगेट, असं गेलं तर सगळं जमतं.

तीन ठिकाणांचे क्रम फक्त ६. दहांचे ३६,२८,८००. वीस ठिकाणांचा प्रत्येक क्रम तपासायचा म्हटलं, तर सेकंदाला १ कोटी क्रम पाहणाऱ्या संगणकालाही सुमारे ७,७०० वर्षं लागतील. बरेचसे क्रम न तपासताच बाद करणाऱ्या हुशार पद्धती आहेत, पण ठिकाणं शेकड्यांत गेली की त्याही अडखळतात. मग अचूक उत्तराचा हट्ट सोडून पुरेसं चांगलं उत्तर शोधायचं.

इथे मुंग्या येतात. चालताना त्या वाटेवर गंध सोडतात. आखूड वाटेवरून ये-जा लवकर होते, तिथला गंध आधी दाट होतो आणि बाकीच्या मुंग्याही तिकडेच वळतात. मार्को डोरिगो यांनी १९९२ मध्ये इटलीतल्या मिलानमध्ये पीएच.डी.च्या प्रबंधात यावरूनच गणनाची पद्धत मांडली.

संगणकातली प्रत्येक मुंगी म्हणजे एक काल्पनिक टेंपो. पुढचं ठिकाण निवडताना ती गंध किती, अंतर किती आणि तिथली वेळ संपायला किती उरलं, हे पाहते. लवकर पोचली तर थांबते. जिथे उशीर होणार ते ठिकाण यादीतूनच गळतं. निवड मात्र फाशांच्या दानासारखी: दाट गंधाच्या वाटेची शक्यता जास्त, खात्री नाही. फेरी संपली की चांगल्या मार्गांवर गंध वाढवायचा आणि सगळीकडचा थोडा उडवायचा.

हे उडवणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. प्रयोगशाळेत खऱ्या मुंग्यांना आधी लांब वाट वापरू दिली आणि नंतर आखूड वाट उघडली, तेव्हा बहुतेक मुंग्या जुन्याच वाटेला चिकटून राहिल्या. संगणकात ती चूक टाळायची तर गंध उडण्याचा, म्हणजेच विसरण्याचा, वेग आपण ठरवायचा. फार हळू ठेवला तर पहिलंच बरं उत्तर डोक्यात बसतं. फार जलद ठेवला तर काही शिकणंच होत नाही.

गाड्या अनेक असतील तर? १९९९ मध्ये गाम्बार्देला, तायार आणि अगाझी यांनी दोन वारुळं एकाच वेळी कामाला लावली: एक गाड्यांची संख्या कमी करणारं, दुसरं तितक्याच गाड्यांचा एकूण प्रवास कमी करणारं. महत्त्वही त्याच क्रमाने, आधी गाड्या आणि मग प्रवास, कारण एक गाडी वाचली म्हणजे एका ड्रायव्हरचा पगार वाचतो. दोन-चार किलोमीटरचं डिझेल त्यापुढे किरकोळ.

पुण्यात एक गोष्ट आणखी जोडावी लागते. डेक्कन ते कोथरूड हा प्रवास सकाळी ६ला आणि १०ला सारखा नसतो. म्हणून प्रत्येक रस्त्याला एक आकडा देऊन भागत नाही, तासागणिक वेगळे द्यावे लागतात. आणि विसर्जनाला लक्ष्मी रस्ता बंद झाला, तर नकाशातून तेवढाच रस्ता काढायचा, बाकी शहरातला जुना गंध थोडा पातळ करून ठेवायचा आणि मुंग्या पुन्हा सोडायच्या. शून्यापासून शोधण्यापेक्षा उत्तर बहुधा लवकर हाती लागतं.