पावसाळ्यातलं कोकण: आधी गाडी, मग गाव

कोकणातला पर्यटनाचा हंगाम आंब्याबरोबर संपतो आणि दिवाळीला पुन्हा सुरू होतो. मधल्या महिन्यांत तिकडे जायचं तर स्वतःची गाडी हवीच, असा समज आहे. माझं मत नेमकं उलट आहे. चिपळूण, रत्नागिरी, मालवण, मडगाव अशी गावं एकाच फेरीत करायची असतील, तर पावसाळ्यात रेल्वे आणि एसटी हाच शहाणपणाचा मार्ग. मे महिन्यात अडचण असते ती तिकीट मिळण्याची. पावसाळ्यात ती बरीच सैल होते. मात्र गाड्यांच्या वेळा बदलतात, काही फेऱ्या कमी होतात, समुद्रावरचं बरंच काही बंद पडतं. म्हणून आखणीचा क्रमही फिरवायला हवा. गावं ठरवून मग गाड्या शोधण्यापेक्षा आधी गाड्या पाहाव्यात आणि त्यांच्या सोयीनं गावं निवडावीत.

कोकण रेल्वेचं पावसाळ्यासाठी वेगळं वेळापत्रक असतं. वर्षानुवर्षं ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असं चालायचं. २०२५ साली ते १५ जून ते २० ऑक्टोबर असं आखडलं. या काळात गाड्यांचा वेग मुद्दाम कमी ठेवतात, त्यामुळे अनेक गाड्यांच्या सुटण्या-पोहोचण्याच्या वेळा सरकतात. मुंबई–मडगाव वंदे भारत एरवी आठवड्यातून सहा दिवस धावते, तर पावसाळ्यात तीनच दिवस. उन्हाळ्यातल्या वेळांवर बेत आखला तर तो पहिल्याच टप्प्यावर कोलमडतो. दुसरी गोष्ट तिकिटाची. मुंबई ते मडगाव असं एकच तिकीट काढून वाटेत दोन-तीन गावी उतरावं, असं मनात येतं. पण प्रवास मध्ये थांबवण्याची मुभा ५०० किलोमीटरहून लांबच्या तिकिटावर, आणि तीही पहिले ५०० किलोमीटर झाल्यावरच मिळते. चिपळूण किंवा रत्नागिरीला तिचा काही उपयोग नाही. प्रत्येक टप्प्याचं वेगळं तिकीट काढावं लागतं आणि एकूण भाडं थोडं वाढतं. त्या बदल्यात एक टप्पा हुकला तरी पुढची तिकिटं हातात राहतात. स्थानकं गावापासून लांब आहेत हेही धरून चालावं: मालवणला जायचं तर कुडाळला उतरून एसटी धरायची, राजापूर रोडहून राजापूर गावही बरंच आत आहे. म्हणून रात्री-अपरात्री पोहोचवणाऱ्या गाडीपेक्षा मांडवीसारखी दिवसाची गाडी बरी. एसटीत महिलांना निम्मं भाडं आणि ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आहे, पण ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. गोव्याच्या टप्प्याचा हिशेब वेगळा मांडावा.

दरडींचं काय, असं कोणी विचारील, आणि हा आक्षेप खरा आहे. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि जून २००४ मध्ये करंजाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडांमुळे भीषण अपघात झाले. डोंगर कापून काढलेल्या या मार्गावर तो धोका पुरता संपलेला नाही. जुलै २०२४ मध्येही खेडजवळ दरड कोसळून वाहतूक ठप्प झाली होती. पण पावसाळ्यातला कमी वेग आणि रुळांवरची रात्रंदिवस गस्त याच धोक्यासाठी आहे. गाडी उशिरा पोहोचते ती सुरक्षिततेची किंमत म्हणून, आणि ती आनंदानं मोजावी. पावसाच्या झडीत घाटातून स्वतः गाडी हाकताना आपल्यासाठी अशी गस्त कोणी घालत नसतं. विलंब गृहीत धरून एका दिवसात एकच मोठा टप्पा ठेवला, तर तीन तासांच्या उशिरानंही काही बिघडत नाही.

दुसरा आक्षेप असा, की समुद्रच बंद असेल तर पाहायचं काय? सिंधुदुर्ग किल्ल्याकडे होड्या जात नाहीत, १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, किनाऱ्यावरचे जलक्रीडांचे तंबू उठलेले असतात. पाण्यात उतरणं हाच हेतू असेल तर या दिवसांत जाऊच नये. पण कोकण म्हणजे फक्त किनारा नव्हे. ब्रह्मदेशाच्या थिबा राजानं अखेरची वर्षं काढली तो १९१० सालचा राजवाडा आणि लोकमान्यांचं जन्मघर रत्नागिरीतच आहे. गोव्यात करमळी स्थानकावर उतरलं की जुनं गोवं जवळ, आणि तिथून मांडवी ओलांडून दिवाडी बेटावर नेणारी फेरीबोट पायी प्रवाशांना फुकट. नदीतल्या या फेऱ्या गावकऱ्यांच्या रोजच्या येण्याजाण्यासाठी असल्यानं पर्यटकांचा हंगाम संपला म्हणून त्या थांबत नाहीत. बिगरहंगामात असाच आधार धरावा: जी वाहतूक स्थानिकांसाठी चालते, ती पाहुण्यालाही उपयोगी पडते.

एक अपवाद मात्र कडकपणे पाळावा. गणपतीच्या आसपास या मार्गावर वर्षातली सर्वांत मोठी गर्दी असते. ते दिवस गावी निघालेल्या चाकरमान्यांचे, त्यांच्या जागा आपण अडवू नयेत. १५ ऑगस्टची जोडून आलेली सुट्टी सोडली तर श्रावणाचा पहिला पंधरवडा मला सर्वांत योग्य वाटतो. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा आषाढ लागण्यापूर्वीच वेळापत्रक घेऊन बसा, आणि परतीचं तिकीट कामावर रुजू होण्याच्या आदल्या दिवसाचं न काढता त्याच्याही आधीच्या दिवसाचं काढा.