खारपाणात फसणारा सेन्सर

१९८३ हे साल वऱ्हाडच्या अभियांत्रिकी शिक्षणाला मानवलं. १ मे रोजी नागपूरपासून वेगळं होऊन अमरावती विद्यापीठ उभं राहिलं, आणि विनाअनुदानित महाविद्यालयांना राज्य सरकारने दारं उघडल्यामुळे त्याच वर्षी बडनेऱ्याला आणि शेगावला अभियांत्रिकी महाविद्यालयं निघाली. अकोल्याजवळचं बाभुळगावही याच यादीतलं. त्याआधी अमरावतीचं १९६४ सालचं शासकीय महाविद्यालय हाच या भागाचा मोठा आधार होता. आज इथल्या इलेक्ट्रॉनिक्स विभागांत चिपची रचना, अँटेना, प्रतिमा-प्रक्रिया, एम्बेडेड प्रणाली असे विषय घेऊन मुलं एम.टेक. आणि पीएच.डी. करतात. विषय जगभरात चालतात तेच.

त्यातलं एक उदाहरण मला आवडतं. विद्यापीठाच्या उपयोजित इलेक्ट्रॉनिक्स विभागातून २००५ साली ‘अप्लाइड सॉफ्ट कम्प्युटिंग’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात एक निबंध गेला. लॉरेन्झच्या गोंधळी प्रणालीचा पुढचा प्रवास न्यूरल नेटवर्कला सांगता येईल का, हा त्याचा विषय. एडवर्ड लॉरेन्झने १९६३ साली या प्रणालीची तीन समीकरणं मांडली, ती तापलेली हवा वर कशी उसळते या प्रश्नातून. सुरुवातीला केसाएवढा फरक पडला तरी पुढचं सारं गणित बदलतं. लांबचा हवामान अंदाज चुकतो तो त्यामुळेच. मृग कोरडा गेला की दुबार पेरणीच्या धास्तीने आभाळाकडे बघणाऱ्या प्रदेशात हा विषय कुणाला सुचावा, याचं मला कौतुक वाटतं. योगायोग असेलही.

पण आभाळाचं कोडं सगळ्या जगाचं आहे. पायाखालचं कोडं मात्र इथलंच आहे, आणि माझ्या मते इथल्या प्रयोगशाळांचा खरा विषय तोच. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा साडेचार लाख हेक्टरांहून मोठा आहे. विहिरीचं पाणी खारं, माती काळी, चिकण आणि निचऱ्याला जड. अशा वावरात पाणी किती आणि केव्हा द्यायचं हे चुकलं की पऱ्हाटीचं नुकसान तर होतंच, वर जमीनही बिघडते.

ओल मोजायचं स्वस्त साधन कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. बोटभर रुंदीची पट्टी, वरच्या टोकाला टायमरची छोटी चिप. पट्टी मातीत खुपसली की माती कपॅसिटरचा भाग होते. कोरड्या मातीचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक तीन ते पाच, पाण्याचा सुमारे ऐंशी. त्यामुळे ओल वाढली की कपॅसिटन्स वाढतो आणि आकडा बदलतो. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात ही पट्टी एकदा हवेत धरतात, एकदा पाण्याच्या ग्लासात बुडवतात, आणि मधल्या अंतराचे शंभर भाग पाडून मोकळे होतात. झालं ‘स्मार्ट सिंचन’!

खारपाणात हे गणित कोसळतं. क्षारांमुळे माती वीज वाहू लागते आणि एक-दोन मेगाहर्ट्झवर चालणारी पट्टी त्या वहनालाच ओल समजते. दुपारी माती तापली की क्षारांची वाहकता अंशागणिक साधारण दोन टक्क्यांनी चढते. पाणी तेवढंच असतं, पण आकडा फुगतो. उलट उन्हाने काळी माती आक्रसून भेगाळली की पट्टीभोवती हवा शिरते आणि ओल असूनही आकडा कोरडं दाखवतो. म्हणजे एकाच वावरात दोन उलट्या थापा. शिवाय काळ्या चिकण मातीत वीस टक्के पाणी असूनही पीक माना टाकू शकतं. रेताड जमिनीत तेवढी ओल म्हणजे चंगळ. डायइलेक्ट्रिक स्थिरांकावरून ओल काढायचं, कॅनडात टॉप आणि सहकाऱ्यांनी १९८० साली मांडलेलं समीकरण जगभरची महागडी उपकरणं वापरतात, पण भारी चिकण मातीत तेही घसरतं.

उपाय अवघड नाही, कंटाळवाणा आहे. वारंवारिता पन्नास-शंभर मेगाहर्ट्झपर्यंत चढवली की क्षारांची लुडबुड बरीच कमी होते. तापमान आणि वाहकता सोबतच मोजून आकडा दुरुस्त करता येतो. आणि मुख्य म्हणजे वावरातून माती आणायची, तोलायची, १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये चोवीस तास वाळवायची, पुन्हा तोलायची. असे शेकडो नमुने झाले की त्या मातीचा स्वतःचा आलेख हाती येतो. यात चमकदार काही नाही, म्हणूनच हा विषय मार्गदर्शकांना भुरळ घालत नसावा. तयार माहितीसंच उतरवून त्यावर नवं नेटवर्क चालवणं सोपं, आणि निबंधही लवकर छापून येतो.

मातीचं ज्ञान शोधत लांब जायलाही नको. अकोल्यात १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. अमरावती-अकोला रस्त्यावर तर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अंथरण्याचा गिनीज विक्रम झाला. आता एवढ्याशा प्रवासाची सबब चालायची नाही. पुढच्या वर्षीचा प्रकल्प शोधणाऱ्या मुलांनी पाण्याचा ग्लास बाजूला ठेवावा आणि दर्यापूर किंवा बाळापूरच्या वावरातली पोतंभर माती आधी प्रयोगशाळेत आणावी.